उतारशाळेचा रक्षक

महामारीच्या काळात निर्णयाचा अधिकार कोणाचा? दूरवरून सर्व जगाकडे पाहणाऱ्याचा, की आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्याचा? हा प्रश्न राज्यकारभाराचा भासतो. परंतु मुळात तो नीतीचा आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. त्याच महिन्यात व्हेनिस येथे राष्ट्रांची परिषद भरली. रोग युरोपात पोहोचू नये, ही तिची मुख्य चिंता होती. पुण्यात गोरे सैनिक घरोघर शिरून रोगी हुडकू लागले. हेतू रास्त होता, परंतु माणसांचा मान राखला गेला नाही. सरकारी प्लेग इस्पितळात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध पंडिता रमाबाईंनी जाहीरपणे लिहिले. भयापोटी लोक आपले आजारी लपवू लागले. जेथे विश्वास उरत नाही, तेथे हुकूमही लंगडा पडतो.

तर मग प्रत्येकाने केवळ आपलेच दार सांभाळावे काय? नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील शास्त्रज्ञांनी ओमायक्रॉन हा कोरोना विषाणूचा नवा प्रकार ओळखून जगाला तत्काळ सावध केले. अनेक राष्ट्रांनी तेथून येणारी विमानेच बंद केली. सत्य सांगणाऱ्यालाच दंड झाला! असे घडत राहिले, तर उद्या कोण सांगेल?

२० मे २०२५ रोजी जागतिक आरोग्य सभेने महामारी करार स्वीकारला. लशी व औषधे सर्व राष्ट्रांना न्यायाने मिळावीत, हा त्याचा एक हेतू आहे. मात्र कोणत्याही देशाला टाळेबंदीचा हुकूम देण्याचा अधिकार त्याने जागतिक आरोग्य संघटनेला दिलेला नाही. काहींना ही उणीव वाटते. मला ती योग्य मर्यादा वाटते; पण वाटा देण्याचे वचन पाळले गेले, तरच.

लूकच्या दहाव्या अध्यायाचे भाषांतर करताना माझी लेखणी नेहमी उतारशाळेच्या रक्षकापाशी थांबते. शोमरोनी परका होता. त्याने तेल, द्राक्षारस व पैसा दिला, अधिक खर्च झाल्यास परत येऊन फेडण्याचे वचनही दिले. परंतु उतारशाळेचा कारभार त्याने आपल्या हाती घेतला नाही. रक्षकानेही परक्याचे साहाय्य नाकारले नाही. जखमी मनुष्य दोघांच्या हाती होता.

वाचकहो, पुढची साथ येईल तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला रक्षकाचेच काम येईल. आपल्या दारी आणलेल्या माणसाची शुश्रूषा करण्याची, आणि दूरच्याच्या हिशेबात प्रामाणिक राहण्याची, आपली तयारी आहे काय?