मैत्रीचे भांडवल

शिकता शिकता चार पैसे मिळवावेत, ही इच्छा वाईट नाही. साकीनाक्यासारख्या वस्तीत तर ती पुष्कळदा इच्छा नसून गरज असते. खैराणी रोडवरच्या एखाद्या गाळ्यात दिवसभर यंत्रापुढे उभ्या राहणाऱ्या बापाला मुलाची फी, प्रवासाचा पास आणि पुस्तके यांचा मेळ घालणे किती जड जाते, हे आम्हांला वेगळे सांगायला नको. म्हणून नेटवर्क मार्केटिंगच्या नादी लागलेल्या तरुणाला लोभी ठरवून मोकळे होणे आम्हांला पटत नाही. तो बहुधा लोभी नसतो. तो घाईत असतो, आणि त्याच्या घाईला सबळ कारण असते. आमचा प्रश्न त्याच्या हेतूविषयी नाही. त्याच्या पुढ्यात जे ठेवले जाते त्याला काम म्हणावे काय, हा आमचा प्रश्न आहे.

या धंद्याची रीत आता बहुतेकांना परिचित आहे. कंपनीची वस्तू आधी स्वतः घ्यायची, मग इतरांना विकायची, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या इतरांनाही विक्रेते करून आपल्या खाली जोडायचे. त्यांच्या खरेदीत आपला वाटा, त्यांनी जोडलेल्यांच्या खरेदीतही आपला वाटा. नवागताला पहिला धडा मिळतो तो वस्तूविषयी नसतो. त्याच्या हाती कोरा कागद देऊन ओळखीच्या शंभर माणसांची नावे लिहायला सांगतात. मावशी, आत्या, वर्गमित्र, गायनवृंदातले सोबती, धर्ममाता. विद्यार्थ्याजवळ पैसा नसतो, दुकान नसते, अनुभव नसतो. असतात ती एवढीच माणसे. कंपनीला तीच हवी असतात.

आता थोडे गणित करू. प्रत्येकाने फक्त पाच जण जोडायचे, असे गृहीत धरा. हे फार नव्हे, असे सभागृहातला गळ्यात टाय बांधलेला वक्ता सांगतो, आणि पाच हा आकडा खरोखरच फार वाटत नाही. एकाखाली पाच, त्यांच्याखाली पंचवीस, मग सव्वाशे. अशा दहा पायऱ्या उतरलो की वरच्या एकासह एकूण माणसे होतात १,२२,०७,०३१. सन २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या १,२४,४२,३७३ होती. म्हणजे पाळण्यातल्या बालकासह जवळजवळ सारी मुंबई साखळीत आली, आणि दहाव्या पायरीवरच्या ९७,६५,६२५ माणसांना जोडायला कोणी उरले नाही. यातली खरी गोम पुढे आहे. साखळी तिसऱ्या पायरीवर तुटो की दहाव्या, ज्यांच्या खाली कोणीच नाही अशांचे प्रमाण शंभरात ऐंशीच्या आसपासच राहते. ते आळशी असतात म्हणून नव्हे, तर आकृतीच तशी आहे म्हणून. आणि तरीही अपयशी मुलाला ऐकवले जाते की, तुझी चिकाटी कमी पडली, तुझे विचार नकारात्मक आहेत. पैसे गेले ते गेलेच, वर हा ठपका घेऊन तो घरी येतो. आम्हांला या व्यवहारातला सर्वांत निर्दय भाग हाच वाटतो.

या महानगराने असे प्रकार पाहिलेले आहेत. ‘स्पीक एशिया’ या कंपनीने ११,००० रुपये भरणाऱ्याला घरबसल्या संगणकावर प्रश्नावल्या भरून दरमहा सुमारे ४,००० रुपये मिळतील असे सांगितले, आणि नवे सभासद आणणाऱ्याला वेगळा लाभ देऊ केला. देशभर लक्षावधी लोक सामील झाले. सन २०११ मध्ये पैसे मिळणे थांबले आणि मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने तपास हाती घेतला. कायदाही झोपलेला नव्हता. पैशांची साखळी फिरवणाऱ्या योजनांवर १९७८ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे, आणि डिसेंबर २०२१ मध्ये आलेल्या थेट विक्रीच्या नियमांनी पिरॅमिड योजनांना स्पष्ट मनाई केली आहे. मात्र वस्तूची खरी विक्री करणाऱ्या थेट विक्रीला कायद्याने मोकळीक आहे, आणि ते योग्यच आहे. दारोदार साबण विकणे हे लाजिरवाणे नाही. तेव्हा ‘हे कायदेशीर आहे’ हे उत्तर कधी कधी खरेही असते. पण सद्सद्विवेकाचे काम त्या उत्तरापाशी संपत नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा’मध्ये खरेदी-विक्रीतील फसवणुकीचा विचार करताना एक जुने उदाहरण घेतले आहे. एक व्यापारी टंचाईच्या गावी धान्य घेऊन येतो. मागून आणखी व्यापारी येत आहेत आणि भाव उतरणार आहे, हे त्याला ठाऊक आहे. त्याने हे गिऱ्हाइकांना सांगावे काय? सिसेरोने सांगावे असा निर्वाळा दिला होता. संत थॉमस अधिक सौम्य आहेत: सांगितले नाही तरी न्यायाचा भंग होत नाही, सांगितले तर सद्गुण अधिक, कारण भाव उतरणे ही पुढची गोष्ट आहे, धान्यात खोट नाही. परंतु वस्तूतच घेणाऱ्याला नुकसान पोहोचवणारी छुपी खोट असेल, तर ती उघड केलीच पाहिजे, असे त्याच ठिकाणी त्यांनी बजावले आहे. आमच्या मते साखळीतल्या जागेची खोट या दुसऱ्या प्रकारची आहे. मित्राला आपण जी जागा देऊ करतो, तिच्यात तोटा आधीच विणलेला असतो. ‘माझ्याखाली येणाऱ्या दहांपैकी आठांना बहुधा खाली कोणीच मिळणार नाही’, हे सांगून कोणी कोणाला जोडल्याचे आमच्या ऐकिवात नाही. सांगितले तर धंदा चालत नाही, आणि न सांगता तो न्याय्य राहत नाही.

कोणी म्हणेल, विमा प्रतिनिधीही आधी नातेवाइकांकडेच जातो. जातो खरा, पण काकांना पॉलिसी विकल्यावर काकांनाही प्रतिनिधी करून त्यांच्या ओळखी विकायला लावण्यावर त्याची कमाई अवलंबून नसते. संत पौलानेही करिंथ येथे अकिला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून, त्यांच्याच सोबतीने तंबू शिवले. मैत्री आणि व्यवसाय एका छपराखाली नांदू शकतात. तेथे विकला जात होता तो तंबू. येथे धर्ममाता जी बाटली घेते ती पुष्कळदा बाटलीसाठी नव्हे, तर मुलाचे मन मोडू नये म्हणून; आणि कंपनीच्या हिशेबात त्या मायेची नोंद विक्री म्हणून होते.

या धंद्याने मुलांना धीट केले, चारचौघांत बोलायला शिकवले, असे काही पालक समाधानाने सांगतात. असेलही. पण जो मुलगा प्रत्येक भेटीत समोरचा माणूस ‘जोडता येईल का’ हे पाहू लागतो, त्याला ती सवय सोडायला किती वर्षे लागतात, याचाही त्यांनी विचार करावा.

परस्परांवरील विश्वास हे भांडवल आहे, ही गोष्ट आमच्या समाजाला नवी नाही. सन १९१८ मध्ये वसईत मॉन्सेनियर पी. जे. मोनीस यांनी कॅथॉलिक पतसंस्था उभी केली, तिचीच पुढे बेसीन कॅथॉलिक बँक झाली. तेथेही शेजाऱ्याने शेजाऱ्याला सभासद करून घेतले. फरक इतकाच की, उशिरा आलेल्या सभासदाच्या तोट्यावर आधीच्याचा नफा उभा नव्हता. सहकारात शेवटच्यालाही पहिल्याइतकेच एक मत असते.

साकीनाका, मरोळ, चांदिवली या भागांत तासाच्या हिशेबाने मोबदला मिळणारी कामे अगदीच नाहीत असे नाही. लहान मुलांच्या शिकवण्या आहेत, दुकानातला संध्याकाळचा गल्ला आहे, हिशेबनीसाच्या कचेरीतली नोंदणी आहे, समारंभात वाढप्याचे काम आहे. त्यांत कोणी श्रीमंत होत नाही. पण विद्यार्थ्याला त्या कामांची वार्ताच पोहोचत नाही, आणि सभागृहातल्या बैठकीचे निमंत्रण मात्र मित्राच्या तोंडून घरपोच येते. धर्मग्रामातल्या तरुण संघटनांनी दर रविवारी चर्चच्या सूचनाफलकावर अशा कामांची, त्यांच्या वेळांची आणि मोबदल्याची यादी लावायला काय हरकत आहे? फलकावर विवाहाच्या जाहिराती आणि नोव्हेनांच्या वेळा असतात. त्यांच्या शेजारी जागा शिल्लक आहे.