बवाजाची ताकीद

अर्जुनी मोरगावच्या बांध्यांत धान कापणाऱ्यांस रूथेची अवस्था समजावून सांगावयास नको. परक्या शेतात सरवा वेचणाऱ्या त्या विधवेस बवाजाने पाणी पिण्याची मोकळीक दिली. परंतु त्याआधी गड्यांस बजाविले की, तिला हात लावू नका. पुढे तिला लाजवू नका, धमकावू नका, असेही सांगितले. भय तिचे, आणि ताकीद गड्यांस! आपल्याकडे बहुधा मुलीसच जपून वागावयास सांगतात. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा असंघटित मजूर स्त्रियांसही लागू आहे. जेथे कामकरी दहांहून कमी, तेथील तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करावी. तसेच २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेत मुलांस मारणे व त्यांचा मानसिक छळ करणे, दोन्ही वर्ज्य आहेत. तेव्हा गुरुजींनो आणि मुकादमांनो, आम्ही हे तुम्हांसच उद्देशून लिहीत आहो.