चाकांवरचे घर आणि ‘अनिकेत’

गीतेच्या बाराव्या अध्यायातील १९ व्या श्लोकात भक्ताला ‘अनिकेत’ म्हटले आहे. ज्याला नियत निवास नाही तो, असा अर्थ श्रीशंकराचार्य करतात. ज्याची घरादारांत आसक्ती नाही तो, असे श्रीरामानुजाचार्य सांगतात. गृहस्थाने कोणता अर्थ धरावा?

अमेरिकेतील ऑरेगॉन राज्याच्या किनाऱ्याने १०१ क्रमांकाचा हमरस्ता जातो. डिसेंबरअखेर तेथे वादळी पाऊस असतो, उन्हाळ्यातील गर्दी नसते. अशा वेळी एखादे कुटुंब मोटारघर घेऊन निघते असे समजा. बिछाने, शेगडी, पाण्याची टाकी, सारे बरोबर. सांडपाणी दुसऱ्या टाकीत साठते आणि नेमल्या जागी नेऊन स्वतः रिकामे करावे लागते. आपण किती वापरतो व किती टाकतो, हे घरच्या नळाखाली कधी न उमगलेले येथे दोन दिवसांत उमगते. एवढ्यापुरते हे वाहन गुरूच म्हणावे.

तरी तिसऱ्या रात्री धाकटा विचारतोच, “घरी कधी जायचे?” घर तर त्याच्याभोवतीच आहे! वडील रागावतात, पण कुलूप लावून आलेल्या घराचे छप्पर गळत असेल काय, हाच घोर त्यांनाही आहे. नियत निवास सुटला, आसक्ती सुटली नाही. दुसरा अर्थ गृहस्थाला दिलेली सवलत आहे असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः तोच कठीण. म्हणूनच श्रीरामानुजाचार्य त्याला पुढच्या ‘स्थिरमति’ या पदाशी जोडतात.

सकाळी पाऊस ओसरतो. १९६७ च्या कायद्याने तेथील पुळण सर्वांस मोकळी आहे. दूरवर करडे देवमासे मेक्सिकोकडे चाललेले दिसतात. मुले ते पाहण्यात दंग होतात. वडील शेजाऱ्याला दूरध्वनी करून छपराची चौकशी करीत असतात.