उत्तरार्ध

मध्यंतराला संघ आठ गुणांनी पुढे होता. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा सहा गुणांनी मागे. मधल्या वीस मिनिटांत दोन लोण चढले. डाव्या कोपऱ्यातल्या पोराचा पाय मॅटवरून उचलेना, आणि ज्या चढाईपटूने पूर्वार्धात एका दमात तिघांना टिपलं होतं तो शेवटी मध्यरेषेपासून दोन हातांवर धरला गेला. पुणे जिल्हा विभागाच्या आंतरमहाविद्यालयीन कबड्डीत आंबेगाव तालुक्यातल्या त्या कॉलेजचा संघ सलग चौथ्या वर्षी असाच हरला. कॉलेजचं नाव सांगत नाही, गोष्ट एकट्या त्याची नाही.

हा सामना बघायला मंचरहून सात गाड्या भरून माणसं गेली होती. बाजार समितीतले आडते, गॅरेजवाले, दूध घालून तसेच आलेले शेतकरी, आणि कधीकाळी याच मातीत खेळलेले गडी. या पट्ट्यात माणूस दोन गोष्टींसाठी पिकाचं पाणी अर्ध्यावर सोडून येतो, घाटातला बैलगाडा आणि कबड्डी. म्हणून त्यांचा राग मला खोटा वाटत नाही. आपलं काहीतरी हातातून निसटतंय आणि आपल्याला कुणी विचारत नाही, हे दुःख खरंच असतं.

पण त्या दुःखाला एक तोंड लागतं. ते सरांचं होतं.

"गडी दमलेला दिसतोय तरी बदली करत नाही."

"टाइमआऊट कधी घ्यायचा ते तरी कळतं का?"

"सर बदलल्याशिवाय हा संघ वर येत नाय. लिहून घ्या."

सगळ्यात वरचा आवाज कप्तानाचा होता. पंधरा वर्षांपूर्वी तो या संघाचा कप्तान होता, उजव्या कोपऱ्याला खेळायचा. पुढे शेती आली, दोन गाड्या भाड्याने लावल्या, पण गावाने नाव बदललं नाही. त्याने अर्ज लिहिला, चाळीस जणांच्या सह्या घेतल्या आणि संस्थेच्या अध्यक्षांपुढे नेऊन ठेवला.

अध्यक्षांनी चहा मागवला. सगळ्यांचं ऐकून घेतलं. "तुमच्या भावना मला समजतात," म्हणाले. सर मानधनावर होते, त्यांना थांबवायला एक कागद पुरे होता. आठवड्यात तो कागद निघाला. चार वर्षांतले हे तिसरे सर.

बाहेर पेढे वाटले गेले. मला त्या पेढ्यांचं फार वाईट वाटतं. संतापलेल्या माणसांना द्यायला संस्थेकडे जे काही होतं त्यातली सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे सरांची नोकरी, आणि चाळीस जाणत्या माणसांनी ती न्याय म्हणून घेतली.

नवे सर तरुण होते, पतियाळाला प्रशिक्षक होण्याचं शिकून आलेले. त्यांनी पकडीची पद्धत बदलली, साखळीत कोण कुणाचा हात धरणार ते बदललं. सराव सामन्यात पोरांनी पूर्वार्ध मारला. उत्तरार्धात पुन्हा तेच, पाय जड, दम संपलेला, लोण. चहाच्या टपरीवर पुन्हा तोच सूर लागला. या वेळी "हे सर फार पुस्तकी आहेत."

टपरीवर आबा बसायचे. आबा बैलगाड्याचे जुने शौकीन. त्यांना कबड्डीत फारसं गम्य नव्हतं, पण जनावराच्या दमाचं होतं. 2014च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली तेव्हा पुष्कळांनी बैल विकले. आबांनी विकला नाही. 16 डिसेंबर 2021ला पुन्हा परवानगी मिळेपर्यंत साडेसात वर्षं त्यांचा बैल घाटात उतरला नाही. तरी रोज पहाटे त्याचं फिरणं, पोहणी लागलेली होती, खुराक ठरलेला होता. शर्यतीची घोडीसुद्धा ठेवली. लोक वेड्यात काढायचे. आबा म्हणायचे, घाट सरकारनं बंद केलाय, पहाट नाही केली.

ते कप्तानाला म्हणाले, "बाळा, मला एक सांग. सर तीन झाले, चौथा चाललाय. चौघंही येगळे. पोरंही तीन वर्षांत बदलली. पण हरायची वेळ एकच, मध्यंतरानंतर. मग हार सरांची कशी?"

"मग कुणाची?"

"मला काय ठाऊक? तू रोज बघतोस ना."

कप्तान गप्प झाला. तो रोज बघत नव्हता. सामन्याला जात होता, सरावाला नाही. चाळीस सह्यांमधलं कुणीच गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो चार वाजता मैदानावर गेला. नोव्हेंबर होता. तास संपवून पोरं येईपर्यंत सव्वाचार झाले. अर्धा तास अंग मोकळं करण्यात गेला, मग पकडी, मग चढायांची जोडी. सरांचं काम त्याला चोख वाटलं, स्वतःच्या काळापेक्षा चोख. खरा खेळ रंगात येतोय तोच सव्वापाचला डाव्या कोपऱ्यातल्या पोराने दप्तर उचललं. त्याच्यामागे आणखी दोघे.

"कुठं चालले?"

सर म्हणाले, "डिंभ्याच्या वरची पोरं आहेत. मुक्कामाची एसटी चुकली तर रात्रभर स्टँडवर." पावणेसहाला पूर्वेकडची तिघं निघाली. त्यांची घरं उसात. त्यांच्या आयांनी शपथ घातलेली, अंधाराच्या आत घरी. पावणेसहानंतर मैदानावर सर आणि दोन पोरं उरली. दोघांत कबड्डी होत नाही. सर त्यांना मैदानाभोवती पळवत होते.

इथे जरा थांबायला हवं, कारण खरी गोष्ट त्या रस्त्यावर आहे. तालुक्याचं नाव आंबेगाव, पण ज्या गावावरून ते पडलं ते जुनं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. कारभार घोडेगावातून चालतो. कुकडी प्रकल्पातलं हे घोड नदीवरचं धरण. त्याने खालच्या अंगाला कालवे दिले, कालव्यांनी ऊस दिला, उसाने बंगले आणि ट्रॅक्टर दिले. त्याच उसाने बिबट्याला बारमाही आडोसा दिला. आता जुन्नर वनविभागात, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या चार तालुक्यांत, बिबट्याच्या कितीतरी पिढ्या उसातच जन्मलेल्या आहेत. माणिकडोहच्या निवारा केंद्रात पकडलेले बिबटे ठेवतात, गावोगाव पिंजरे लागतात, आणि दिवस मावळल्यावर एकट्याने बाहेर पडू नका असं वनखातं सांगत राहतं. ज्या घरांनी लेकरू गमावलंय त्यांना हे सांगावं लागत नाही. अशा रस्त्यावरून अठरा वर्षांच्या पोराला सायकलवर सात वाजता कोण येऊ देईल?

चाळीस मिनिटांच्या सामन्यासाठी हा संघ रोज उणापुरा तासभर, तोही तुटक, एकत्र खेळत होता. थकल्यावर कसं खेळायचं हे शिकण्याची वेळ येण्याआधीच मैदान रिकामं होत होतं. पोरं उत्तरार्धात हरत नव्हती. त्यांना उत्तरार्ध कधी मिळालाच नव्हता.

कप्तानाने विचारलं, "सर, हे तुम्ही वर सांगितलं नाही?"

"मी सांगितलं. माझ्या आधीच्या सरांनी तर लेखी दिलंय."

ऑफिसातल्या शिपाईमामांनी फाईल दाखवली. तीन अर्ज होते. मैदानावर दोन दिव्यांचे खांब मिळावेत. सरावाच्या दिवशी सात वाजता एक गाडी पश्चिमेला, एक पूर्वेला मिळावी. सरावानंतर पोरांना शेंगदाणे, गूळ, केळी, अंडी मिळावीत, कारण काही पोरं सकाळी सहाला घर सोडतात आणि दुपारी वडापाववर असतात. तिन्ही अर्जांवर एकच शेरा होता, "निधी उपलब्ध झाल्यावर विचार व्हावा." त्याच वर्षी कॉलेजच्या दाराशी नवी दगडी कमान उभी राहिली होती. आणि तिन्हींखाली सही होती त्याच सरांची, ज्यांना घालवण्यासाठी कप्तानाने चाळीस सह्या गोळा केल्या होत्या.

त्या रात्री त्याने चाळीसही जणांना फोन लावले. म्हणाला, सामन्याला सात गाड्या निघतात. सरावाला दोन निघतील का? आठवड्याचे पाच दिवस, दोन दिशा. कुणी म्हणालं, हे संस्थेचं काम आहे, आपण का करायचं? बोलणं रास्त होतं. कुणी म्हणालं, डिझेल कोण देणार? कुणी फोन उचलला नाही. नऊ जण हो म्हणाले. आबांना गाडी चालवता येत नव्हती, त्यांनी रोजची अंडी पत्करली.

मग ते नऊ जण पुन्हा अध्यक्षांकडे गेले. अध्यक्षांनी चहा मागवला आणि सवयीने म्हणाले, "या सरांचंही काही ठीक दिसत नाही. बघू, मार्चनंतर."

"साहेब, सरांना हात लावू नका," कप्तान म्हणाला. "आम्ही या तीन अर्जांचं उत्तर मागायला आलोय. तारखेसकट."

अध्यक्षांचा चेहरा बदलला. माणूस काढणं सोपं असतं, उत्तर देणं नाही. ते म्हणाले, "निकाल नको का दिसायला? लोक मला विचारतात."

"पुणेरी पलटण प्रो कबड्डीच्या पहिल्या दोन्ही हंगामांत, 2014 आणि 2015ला, तळाला होती. पुढं 2022च्या डिसेंबरात फायनलला गेली आणि जयपूरकडून चार गुणांनी हरली. तेव्हा बी. सी. रमेश सरांना काढलं असतं तर? त्यांनाच ठेवलं, आणि 1 मार्च 2024ला हैदराबादला त्यांच्याच हाताखाली हरियाणाला हरवून करंडक आणला."

"त्यांच्याकडं पैसा आहे, कप्तान."

"म्हणून आम्ही गाड्या आणल्यात. तुम्ही दिवे द्या."

दिवे यायला तीन महिने लागले, दोनऐवजी एकच खांब आला. पण सराव सात वाजेपर्यंत चालू लागला. सर आता शेवटचा अर्धा तास मुद्दाम पोरं दमल्यावर खेळ लावायचे, शेवटची पाच मिनिटं, दोन गुणांनी मागे, असं सांगून. बाहेर गाड्या उभ्या असायच्या. गाडीवाले हळूहळू आत येऊन बसू लागले, आणि रोज बघणाऱ्याचं बोलणं बदलतं हे मी त्यांच्यात पाहिलं. कोण सर्दीने बेजार आहे, कुणाचा बाप आजारी आहे, कुणाचा गुडघा दुखतोय, हे त्यांना कळू लागलं. "बदली का करत नाही" हा प्रश्न पुन्हा कुणी विचारला नाही, कारण बदलीला बसलेल्या दोन्ही पोरांना ते घरी सोडत होते.

पुढच्या वर्षी संघ उपांत्य फेरीत गेला. समोरच्या संघाच्या बाकावर ते जुने सर बसलेले होते, काढून टाकलेले. दुसऱ्या एका कॉलेजने त्यांना घेतलं होतं. महाराष्ट्राला हे नवं नाही. 2018च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताच्या महिलांना अंतिम सामन्यात 27-24 असं हरवणाऱ्या इराणच्या संघाला नाशिकच्या शैलजा जैन यांनी घडवलं होतं. जाणतं माणूस आपल्या अंगणात असतं तेव्हा आपण त्याच्या चुका मोजतो, आणि ते समोरच्या बाकावर जाऊन बसलं की त्याचं मोल कळतं.

सामना शेवटच्या मिनिटापर्यंत बरोबरीत होता, मग समोरचे एका गुणाने पुढे गेले. उत्तरार्धात एकही लोण चढला नाही. शेवटच्या चढाईत आपला गडी बोनसला गेला, पाय रेषेवर टेकला की पलीकडे यावर श्वास अडकला, पंचांनी नाही म्हटलं, आणि एका गुणाने हार.

कप्तान बाक ओलांडून जुन्या सरांकडे गेला. "सर, तुमचे तिन्ही अर्ज वाचले. उशिरा वाचले. चुकलं आमचं." सरांनी त्याचा हात हातात घेतला. म्हणाले, "डावा कोपरा आज शेवटपर्यंत उभा होता. गाडी सुरू केली का त्यांनी?"

"आम्ही केली."

मागे गर्दीत एक विशीतला पोरगा तावातावाने बोलत होता. पहिल्यांदाच सामन्याला आलेला, डोळ्यांत पाणी. "एक गुण राव! शेवटच्या चढाईला दुसरा गडी पाठवायला नको? सरच बदलायला पायजे." दोघा-तिघांनी मान हलवली.

कप्तान त्याच्याजवळ गेला. "तुझ्याकडं मोटारसायकल आहे ना?"

"आहे. का?"

"गुरुवारी शिनोलीपर्यंत एका पोराला सोडायला कुणी नाही. सात वाजता मैदानावर ये. सहालाच आलास तर सरांनाही भेटशील, दुसरा गडी का नाही पाठवला ते त्यांनाच विचार."