आधी कोणाची फेरी कापायची?

घर असो, संस्था असो की सरकार, कधी ना कधी काहीतरी कमी पडतंच. त्यात दर वेळी कोणाचा दोष असतो असं नाही. पण कमी पडल्यावर आधी कोणाचा वाटा कापला जातो, यावरून त्या घराची आणि त्या राज्याची नीती कळते. दूध कमी आलं की मुलाचा पेला भरायचा आणि मुलीच्या पेल्यात पाणी घालायचं, अशी घरं आपल्याकडे होती, आजही आहेत. त्या घरांत कोणी दुष्ट नसतं. कोणाचं कमी केलं तर बोभाटा होणार नाही, एवढं मात्र सगळ्यांना न सांगता ठाऊक असतं.

तालुक्याच्या एसटी आगारात कितीतरी सकाळी हाच हिशेब मांडावा लागतो. काही गाड्या कार्यशाळेत उभ्या असतात, एखादा चालक रजेवर असतो, दोन-तीन गाड्या प्रासंगिक करारावर लग्नाला किंवा सभेला गेलेल्या असतात. वाहतूक नियंत्रकासमोर वेळापत्रक पूर्ण असतं, हाताशी गाड्या अपुऱ्या. लांब पल्ल्याची गाडी रद्द करणं अवघड. तिचं आरक्षण झालेलं असतं, प्रवासी फोन करतात, तक्रार वरपर्यंत जाते. मग काट मारली जाते ती वाड्यावस्त्यांवरच्या फेरीवर. त्या रस्त्यावरच्या फाट्यावर दप्तरं घेऊन उभ्या असलेल्या मुलांकडे कोणाचा नंबर नसतो आणि त्यांची तक्रार कोणी लिहून घेत नाही.

या मुलांसाठी ती फेरी काय असते, हे नीट समजून घ्यायला हवं. शिक्षण हक्क कायद्याचं संरक्षण चौदाव्या वर्षापर्यंतचं. आपल्या राज्याच्या नियमांनी पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी असं म्हटलं आहे. त्यापुढे हायस्कूल मोठ्या गावात आणि ज्युनियर कॉलेज बहुतेक वेळा तालुक्याला. कायद्याचा हात जिथे सुटतो, नेमका तिथून पुढचा रस्ता एसटीने धरलेला असतो. दहा-पंधरा किलोमीटरचं हे अंतर नकाशावर क्षुल्लक दिसतं. सायकल नसलेल्या, रानातून वाट असलेल्या पोरीसाठी ते शिक्षण आणि घरकाम यांच्यामधलं अंतर असतं.

सकाळच्या शाळेच्या फेरीचं गणित मुक्कामी गाडीवर उभं असतं. रात्री शेवटची गाडी गावात येते, चालक-वाहक तिथेच झोपतात आणि पहाटे तीच गाडी मुलांना, दूधवाल्यांना, दवाखान्यात निघालेल्या म्हाताऱ्यांना घेऊन तालुक्याकडे निघते. मुक्काम बंद झाला की हीच गाडी पहाटे आगारातून तीस-चाळीस किलोमीटर रिकामी आणावी लागते. ते परवडत नाही म्हणून ती उशिरा निघते, आणि उशिरा आलेल्या गाडीत मुलं नसतात म्हणून ‘भारमान कमी’ असा शेरा पडतो. थोड्या दिवसांनी फेरीच बंद होते. आधी वेळ बिघडवायची आणि मग प्रवासी नाहीत म्हणायचं, यात अन्याय आहे. तो कागदावर दिसत नाही, इतकंच.

संध्याकाळची फेरी चुकली तर गोष्ट आणखी कठीण. शाळा पाचला सुटते. सहाची गाडी आली नाही की मुलं स्टँडवर कट्ट्यावर बसून राहतात. मुलगे कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून जातात. मुली एकमेकींना धरून थांबतात. वडाप जीपमध्ये पास चालत नाही, रोख वीस-तीस रुपये द्यावे लागतात आणि दहावीतल्या मुलीच्या कंपासपेटीत ते नसतात. ती अंधार पडल्यावर घरी पोचते. आई दारातच उभी असते. ती रागावत नाही, घाबरलेली असते. असं महिन्यातून तीन-चारदा झालं की घरात एक वाक्य बोललं जातं : ‘दहावी होऊ दे, मग बघू.’ पुढे काय बघितलं जातं ते आपल्याला माहीत आहे. आगाराच्या नोंदीत त्या दिवशी एक फेरी रद्द झालेली असते. त्या फेरीबरोबर एका मुलीचं शिक्षण थांबलं, याची नोंद कुठल्याच रजिस्टरला होत नाही.

महाराष्ट्राला हे कळत नाही असं कसं म्हणावं? 1 जून 1948 ला पुणे–अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली, आणि ‘रस्ता तिथे एसटी’ हे वचन या राज्याने बऱ्याच अंशी पाळलं. विद्यार्थ्यांना पासात दोन तृतीयांश सवलत दिली. पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या नावाने ग्रामीण मुलींचा शाळेचा प्रवास मोफत केला. मानव विकास कार्यक्रमात 125 मागास तालुक्यांत मुलींसाठी निळ्या गाड्या सुरू केल्या. 2015 च्या दुष्काळात लातूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात जाणाऱ्या मुलीने जीव दिला. पासासाठी लागणारे 260 रुपये घरात नव्हते. त्या मृत्यूने राज्य हादरलं, दुष्काळी भागातल्या विद्यार्थ्यांचे पास माफ झाले आणि पुढे मुलींची मोफत सवलत बारावीपर्यंत वाढली. इतकी किंमत मोजून मिळालेला पास मुलीच्या हातात आहे आणि समोर गाडीच नाही, ही अवस्था आपल्याला लाज वाटावी अशी आहे. पास हे समाजाने दिलेलं वचन आहे. गाडी आली तरच ते पाळलं गेलं म्हणायचं.

‘पण पैसा कुठून आणायचा?’ हा प्रश्न खरा आहे. कोविडच्या आधी महामंडळाकडे सुमारे 18 हजार गाड्या होत्या. पुढच्या काही वर्षांत त्या बऱ्याच कमी झाल्या आणि उरलेल्यांतल्या अनेक जुन्या झाल्या. तोटा साचलेला आहे. तरीही शाळेच्या फेरीला तोट्याची फेरी म्हणताना जपून बोलावं. सवलतीच्या प्रवासाची भरपाई राज्य सरकारने महामंडळाला द्यायची असते. म्हणजे मुलींनी खच्चून भरलेल्या गाडीत वाहकाच्या पिशवीत पैसे पडले नाहीत, तरी ती गाडी फुकट धावत नसते. तिचं भाडं सगळ्या जनतेने मिळून भरायचं ठरवलेलं असतं. ते वेळेवर भरलं जात नसेल, तर दोष भरणाऱ्याचा आहे. त्याची शिक्षा फाट्यावरच्या पोरांना का?

काही चालक पासवाली मुलं दिसली की थांब्याच्या पन्नास पावलं पुढे गाडी नेतात, दोन माणसं उतरवतात आणि मुलं धावत पोचायच्या आत डबल बेल पडते. हे मी पाहिलं आहे आणि ते पाहताना राग आला आहे. पण रागाबरोबर त्या चालक-वाहकाची बाजूही पाहायला हवी. नोव्हेंबर 2021 ते एप्रिल 2022 हा काळ एसटी कर्मचाऱ्यांच्या संपात गेला; शाळा नुकत्याच उघडल्या होत्या आणि मुलं कोसभर चालत होती. त्याच वेळी तुटपुंज्या आणि उशिरा मिळणाऱ्या पगारावर घर चालवणारी ही माणसंही रस्त्यावर बसली होती. मुक्कामाच्या गावात त्यांना झोपायला खोली नाही, शौचालय नाही. थंडीत गाडीच्या सीटवर अंग आखडून रात्र काढायची आणि पहाटे साठ-सत्तर पोरांना सुखरूप पोचवायचं. दुसऱ्याच्या मुलांची काळजी घ्या, असं आपण ज्याला सांगतो, त्याची काळजी कोण घेतं?

उत्तराची सुरुवात आपल्यापासून करता येते. गावाने मुक्कामी चालक-वाहकांसाठी एक स्वच्छ खोली, पाणी आणि शौचालय द्यावं. ग्रामपंचायतीला हे झेपण्यासारखं आहे. शाळेच्या शिक्षकांनी आलेल्या-न आलेल्या गाडीची वही ठेवावी आणि दर महिन्याला ती आगारप्रमुखांना दाखवावी. तोंडी तक्रारीपेक्षा तारीख-वेळ लिहिलेला कागद जास्त काम करतो. परीक्षेचं वेळापत्रक शाळेने आगाराला आधी कळवावं. लग्नासाठी, सहलीसाठी, सभेसाठी गाडी ठरवताना ‘ही गाडी कुठल्या फेरीतून काढताय?’ एवढा एक प्रश्न आपण विचारावा. आषाढीला आणि गणपतीला जादा गाड्या सुटतात, त्या सुटायलाच हव्यात. पण विठोबाच्या दर्शनाची वाट एखाद्या मुलीची शाळेची वाट अडवून जाऊ नये, हे वारकरी सगळ्यांत आधी मान्य करेल.

आणि आगारासाठी एक साधा नियम असावा : गाड्या कमी पडल्या तर शाळेच्या वेळेच्या सकाळ-संध्याकाळच्या फेऱ्या सगळ्यांत शेवटी कापायच्या. ज्यांना मोबाइलवर दुसरी गाडी शोधता येते, खासगी बसचं तिकीट परवडतं, त्यांनी अर्धा तास थांबावं. आपण थांबू शकतो. ज्यांच्यापाशी दुसरा मार्ग आहे त्यांनी टंचाई आधी सोसायची, हा न्याय आपण मुलांना पुस्तकात शिकवतो; तो आगाराच्या वेळापत्रकातही उतरला पाहिजे.