साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उत्पत्तीचे पुस्तक



आपल्या धर्मग्रामातील युवक-युवती सध्या रविवारच्या मिस्सानंतर सभागृहात बसून एक नाटक वाचत आहेत. नाटक अमेरिकन आहे, ‘इनहेरिट द विंड’. जेरोम लॉरेन्स आणि रॉबर्ट ई. ली या दोघांनी लिहिलेले हे नाटक १९५५ साली रंगमंचावर आले आणि १९६० साली त्यावर चित्रपटही निघाला. एका शिक्षकावर खटला भरला आहे. त्याचा गुन्हा काय, तर मुलांना डार्विनचा उत्क्रांतिवाद शिकवला. आपल्यातील काही पालकांनी विचारले, की यात बायबल मानणाऱ्यांचीच थट्टा आहे, मग चर्चच्या सभागृहात असले नाटक कशाला? विचारले ते बरे झाले. उत्तर थोडे लांबणार आहे, म्हणून ते या पानावर देत आहोत.

नाटकामागे खरा खटला आहे. मार्च १९२५ मध्ये अमेरिकेतील टेनेसी राज्याने कायदा केला, की सरकारी शाळेत बायबलमधील निर्मितीची कथा नाकारणारा आणि मनुष्य खालच्या प्राण्यांपासून आला असे सांगणारा सिद्धांत शिकवायचा नाही. जुलै महिन्यात डेटन नावाच्या छोट्या गावात जॉन स्कोप्स या २४ वर्षांच्या शिक्षकावर त्या कायद्याखाली खटला चालला. बचावासाठी क्लॅरेन्स डॅरो हे नामांकित वकील आले. फिर्यादीच्या बाजूने विल्यम जेनिंग्स ब्रायन उभे राहिले. हे ब्रायन तीन वेळा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवलेले गृहस्थ. गावात जत्रा भरली, रेडिओवरून खटला घरोघरी ऐकला गेला. ज्यूरीने काही मिनिटांतच शिक्षकाला दोषी ठरवले आणि १०० डॉलर दंड झाला. पुढे १९२७ मध्ये वरच्या न्यायालयाने एका तांत्रिक चुकीवरून तो निकाल रद्द केला. कायदा मात्र १९६७ पर्यंत तसाच राहिला.

नाटकात बराच फेरफार आहे, हे मुलांना आम्ही आधीच सांगितले. नाटकातला शिक्षक तुरुंगात असतो, खरा स्कोप्स तुरुंगात गेला नव्हता. उलट खटला व्हावा म्हणून गावातल्याच मंडळींनी औषधाच्या दुकानात बसून त्याला तयार केले होते. नाटकात ब्रायनसारखे पात्र भर कोर्टात कोसळते. खरे ब्रायन खटल्यानंतर पाच दिवसांनी, रविवारी चर्चला जाऊन आल्यावर झोपेत वारले. नाटककारांचा डोळा खरे तर त्यांच्या स्वतःच्या काळावर होता. १९५० च्या सुमारास अमेरिकेत साम्यवादी असल्याच्या संशयावरून लोकांची जी चौकशी चालली होती, तिच्यावर त्यांना बोलायचे होते. आपल्याकडे र. धों. कर्व्यांच्या खटल्यांवर ‘समाजस्वास्थ्य’ नाटक पुण्यातल्या रंगकर्मींनी २०१७ मध्ये आणले, तेही जुन्या कोर्टातून आजच्याविषयीच बोलत होते. (कर्व्यांच्या संततिनियमनाच्या मतांशी आपल्या ख्रिस्तसभेचे जमणार नाही, तो विषय निराळा.)

आता मुख्य प्रसंगाकडे येऊ. शास्त्रज्ञांच्या साक्षी ज्यूरीपुढे होऊ देण्यास न्यायाधीशांनी नकार दिला, तेव्हा डॅरो यांनी समोरच्या पक्षाच्या ब्रायन यांनाच बायबलचे जाणकार म्हणून साक्षीला बोलावले. हे खरेच घडले, २० जुलै रोजी, कोर्टाबाहेरच्या हिरवळीवर. योनाला माशाने खरोखर गिळले का? काइनाला बायको कुठून मिळाली? सूर्य चौथ्या दिवशी निर्माण झाला, तर पहिले तीन दिवस मोजले कसे? ब्रायन अडखळले. शेवटी ते दिवस २४ तासांचे नसतीलही, असे त्यांना म्हणावे लागले. बाकावरचे लोक हसले. वाचताना आपली मुलेही हसली, आणि मग एका मुलीने हळूच विचारले, “फादर, पण याचे उत्तर काय?”

याचे उत्तर डेटनच्या कितीतरी शतके आधी आपल्या घरात होते. संत ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकाच्या आरंभी उत्पत्तीच्या पुस्तकावर मोठा ग्रंथ लिहिला. सूर्याआधीच्या दिवसांचा प्रश्न त्यांनाही पडला होता आणि ते दिवस आपल्या नेहमीच्या दिवसांसारखे नसावेत असे त्यांचे मत होते. त्यांनी एक कडक इशाराही दिला आहे. ख्रिस्ती माणूस पवित्र शास्त्राच्या नावाखाली तारे, पृथ्वी, प्राणी यांविषयी काहीबाही बोलू लागला आणि ज्याला त्या गोष्टी ठाऊक आहेत अशा अन्यधर्मीयाने ते ऐकले, तर पुनरुत्थान आणि सार्वकालिक जीवन यांविषयी आपण जे सांगतो, त्यावर तो कसा विश्वास ठेवील? प्रश्न ऑगस्टीन यांचा आहे, शब्द आमचे.

उत्पत्तीचे पहिले दोन अध्याय आज घरी शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. पहिल्यात आधी पशू आणि शेवटी मनुष्य. दुसऱ्यात आधी मनुष्य आणि मग पशू. ज्या पवित्र हातांनी हे दोन अध्याय एकत्र बांधले, त्यांना हा फरक दिसत नव्हता काय? दिसत होता. त्यांना वेळापत्रक द्यायचे नव्हते. पहिला अध्याय बाबेलच्या बंदिवासाच्या काळात आकाराला आला असे अनेक अभ्यासक मानतात. तिथे सूर्य आणि चंद्र हे देव होते. आपला अध्याय त्यांची नावेसुद्धा घेत नाही, एक मोठा दिवा आणि एक लहान दिवा म्हणून मोकळा होतो. गुलामगिरीत पडलेल्या लोकांना तो सांगतो, की देवाची प्रतिमा एकट्या राजात नाही, प्रत्येक स्त्रीपुरुषात आहे. डेटनच्या हिरवळीवर हे पुस्तक पिंजऱ्यात उभे राहिले, तेव्हा ज्या गोष्टीची साक्ष द्यायला ते आले होते, ती कोणी विचारलीच नाही.

कॅथॉलिक ख्रिस्तसभा याबाबत काय म्हणते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. डार्विनचा १८५९ चा ग्रंथ रोमच्या निषिद्ध पुस्तकांच्या यादीत कधीही गेला नाही. पोप बारावे पायस यांनी १९५० च्या परिपत्रकात सांगितले, की मानवी शरीर पूर्वीच्या सजीवांतून घडले का, याचा अभ्यास करण्यास मोकळीक आहे, आत्मा मात्र परमेश्वर थेट निर्माण करतो. सर्व माणसे एका आदामापासून आली नाहीत असे मानले, तर आदिपापाची शिकवण कशी टिकेल, हा प्रश्नही त्यांनी तिथेच मांडला. धर्मपंडित त्यावर अजून विचार करत आहेत. तो कठीण आहे, हे मुलांपासून लपवू नये. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ मध्ये उत्क्रांतिवाद आता निव्वळ तर्क राहिलेला नाही असे म्हटले. २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी सांगितले, की देव म्हणजे कांडी फिरवणारा जादूगार नव्हे. आणि नववीच्या पुस्तकात ज्यांचे वाटाण्याचे प्रयोग मुले पाठ करतात, ते मेंडेल तर ऑगस्टिनियन मठवासी धर्मगुरू! हे वर्गात कोणी सांगत नाही, म्हणून आपणच सांगावे. गॅलिलिओला १६३३ मध्ये ख्रिस्तसभेच्या न्यायासनापुढे उभे केले गेले, हेही त्याच दमात सांगावे. पोप जॉन पॉल यांनी १९९२ मध्ये ती चूक जाहीरपणे मान्य केली.

हे सगळे परदेशातले, असे कोणी म्हणू नये. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे केंद्रीय शिक्षण खात्याचे राज्यमंत्री सत्यपाल सिंह, जे पूर्वी पुण्याचे आणि मुंबईचे पोलीस आयुक्त होते, औरंगाबादला म्हणाले, की वानराचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिल्याचे कुठे लिहिलेले नाही, डार्विन चुकीचा आहे आणि अभ्यासक्रम बदलला पाहिजे. देशातल्या तीन विज्ञान अकादमींनी एकत्र पत्रक काढून ते खोडून काढले. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, तेव्हा १८०० हून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी सह्या करून विरोध नोंदवला. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर डार्विन आणि आइन्स्टाइन दोघेही चुकले असा दावा करणारी याचिका थेट सर्वोच्च न्यायालयात गेली. ती न्यायालयाने फेटाळली.

आपण या देशात मूठभर आहोत. आपल्या फोनवर जे व्हिडिओ फिरतात, पृथ्वी सहा हजार वर्षांची असल्याचे सांगणारे, ते पुढे पाठवण्याआधी एवढा विचार करावा, की शाळेतल्या विज्ञानाच्या जागी आपला ग्रंथ असावा असे आपण म्हणू लागलो, तर दुसऱ्याने त्याच्या ग्रंथासाठी तीच जागा मागितल्यावर कोणत्या तोंडाने नाही म्हणणार?

तरीही ब्रायन यांची एक भीती खरी होती आणि नाटकाने ती जवळजवळ गाळली, हे आम्हाला खटकते. स्कोप्सच्या शाळेतले जीवशास्त्राचे पुस्तक उघड उघड वंशांची उतरंड लावून गोऱ्यांना वर बसवत होते आणि काही कुटुंबांना समाजावरची बांडगुळे ठरवत होते. तो सगळा माल उत्क्रांतीच्या नावावर खपत होता. त्याच दशकात आपल्या पुण्याच्या इरावती कर्वे बर्लिनला संशोधनासाठी गेल्या. त्यांच्या मार्गदर्शकांची अपेक्षा होती, की कवट्यांच्या मोजमापातून वंशावंशांतला फरक दिसावा. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असा फरक दिसत नाही असे लिहून दिले. जन्मावरून माणसाची पायरी ठरवणे म्हणजे काय, हे आपल्यातील कितीतरी घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसले आहे. त्यांना देवाच्या प्रतिमेची शिकवण आणि बाईंचा तो प्रामाणिक आकडा यांत भांडण दिसणार नाही.

म्हणून मुलांना घाबरवू नका. दहावीतला मुलगा घरी येऊन माकडहाड हा पूर्वजांचा अवशेष असल्याचे सांगू लागला, तर त्याला गप्प करू नका. आजीने तर ते नाव त्याच्या आधीच ठेवले आहे! शाळेतले एक आणि धर्मशिक्षणातले दुसरे, यांतले एकच निवड असे त्याला घरात ऐकू आले, तर तो निवडतो, आणि मग दृढीकरणानंतर तो चर्चमध्ये दिसत नाही. अशी घरे आपल्या धर्मग्रामातच आहेत.

पुढच्या रविवारी आठच्या मिस्सानंतर तिसरा अंक वाचायचा आहे. दहावीच्या मुलामुलींनी विज्ञानाचे भाग २ चे पुस्तक आणि बायबल दोन्ही बरोबर आणावे. पालकांनीही बसावे. न्यायाधीश व्हायला तिघे तयार आहेत, ब्रायनची भूमिका घ्यायला मात्र अजून कोणी पुढे आलेले नाही. एखाद्या वडीलधाऱ्याने ती घ्यावी, आणि मनापासून वाचावी.