शेजाऱ्याचे ऋण

शेजाऱ्याकडून आलेले भांडे रिकामे परत करू नये, असे आपल्या घरांतून लहानपणापासून शिकवतात. या शिकवणुकीत सौजन्य आहे यात शंका नाही. पण तिच्यात थोडी भीतीही दडलेली असते, हे मला गुढियारीला येईपर्यंत उमगले नव्हते.

गुढियारी ही रायपूर स्टेशनच्या रुळांपलीकडची, धान्याच्या पेढ्यांनी गजबजलेली वस्ती. बदलीच्या हुकुमानुसार मी सहकुटुंब येथे उतरलो तो श्रावणातल्या भर पावसात. सामान मागाहून यायचे होते. त्या संध्याकाळी शेजारच्या घरून तांदळाचा चिला, म्हणजे आपल्या घावनाचा सख्खा भाऊ, आणि टमाट्याची चटणी आली. शेजारी एका अडत्याकडे मुनीम आहेत. दुसऱ्याच दिवशी आम्ही त्यांचे पातेले शिऱ्याने भरून परत केले आणि मला हायसे वाटले. ते हायसे वाटणेच आज मला संशयास्पद वाटते.

आपण बदलीची माणसे. तीन-चार वर्षांच्या मुक्कामात कोणाचे देणे राहू नये, हीच आपली नीती. महिन्याकाठी आपल्याच मंडळींत बसून भाकरीची आणि आपल्याकडच्या पावसाची आठवण काढावी, बाहेरच्यांशी गोड बोलावे आणि हिशेब चोख ठेवावा. परंतु मिळालेल्याची ताबडतोब फेड करणे म्हणजे देणाऱ्याला 'आपला संबंध येथेच संपला' असे सभ्यपणे सांगणेच नव्हे काय?

पुढे एका रात्री पत्नीला अचानक इस्पितळात न्यावे लागले. मुनीमजी पहाटेपर्यंत बाकावर बसून राहिले. सकाळी मी त्यांच्या हातात रिक्षाचे पैसे ठेवले. त्यांनी ते निमूटपणे घेतले. ते रागावले असते तर बरे झाले असते. त्यांच्या घरून चार दिवस काही आले नाही, आणि ही फेड म्हणजे अपमान होता, हे मला त्या चार दिवसांनी शिकवले.

छत्तीसगडात 'मितान' बदण्याची जुनी चाल आहे. महाप्रसाद, गंगाजल, भोजली, जंवारा अशा एखाद्या पवित्र वस्तूच्या साक्षीने दोघे जण जन्माचे मित्र होतात, जातपात न पाहता. आणि नंतर एकमेकांचे नाव न घेता त्या वस्तूच्याच नावाने हाक मारतात. जगन्नाथपुरीहून आलेला प्रसाद पुढे करून मुनीमजींनी एके दिवशी मला हे विचारले. मी गडबडलो. माझी बदली केव्हाही होईल, असे मी सांगितले. ते म्हणाले, "जो रोज समोर दिसतो, त्याला कशाला बांधायचे? जाणाऱ्यालाच बांधून ठेवावे लागते."

तरीही प्रश्न उरतोच. जे नाते निभावण्याची खात्री नाही ते पत्करणे प्रामाणिकपणाचे आहे काय? आणि फेड न करता घेतच राहणे हे फुकटखाऊपण नव्हे काय? या प्रांताला मराठी माणसाच्या घेण्याचा अनुभव जुना आहे. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांची फौज रतनपुरावर आली आणि १७५८ पासून बिंबाजी भोसल्यांनी तेथे राज्य केले. आपणही येथे येतो ते हुकुमानेच. मात्र माधवराव सप्रे यांच्यासारखा मराठी माणूसही याच भूमीत झाला. त्यांनी १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ़ मित्र' हे हिंदी मासिक काढले आणि पुढे 'दासबोध' व 'गीतारहस्य' हे ग्रंथ हिंदीत नेले. त्यांनी भांडे परत केले नाही. ते त्या घरचेच झाले.

ॲरिस्टॉटलने उपयोगाची, सुखाची आणि सद्गुणांची अशी तीन प्रकारची मैत्री सांगितली आहे. उपयोग संपला की पहिली संपते. आपली शेजारमैत्री बहुधा याच पहिल्या पायरीवर थांबते, कारण पुढच्या पायरीवर हिशेबाची वही नेता येत नाही. मला उत्तर सापडले ते मात्र त्या हाकेत. काका-पुतण्या, मालक-चाकर या शब्दांत चढ-उतार असतो. 'महाप्रसाद' ही हाक दोन्हीकडून एकच. तिच्यात देणारा कोण आणि घेणारा कोण हे ठरवताच येत नाही; दोघेही सारखेच ऋणी. असे ऋण फेडायचे नसते, सांभाळायचे असते. निभावण्याची खात्री कोणालाच नसते. प्रामाणिकपणा खात्रीत नसून, दूर गेल्यावरही आपण कोणाचे तरी देणे लागतो, हे न विसरण्यात आहे.

रथयात्रेच्या दिवशी आम्ही एकमेकांच्या मुखी प्रसाद घातला आणि नारळांची अदलाबदल केली. म्हणून त्यांचे नाव या लेखात मला घालता आले नाही. बदल्यांची यादी लवकरच निघेल, असे कचेरीत बोलतात. परवा आलेले त्यांचे पातेले अजून आमच्या फडताळात रिकामेच आहे आणि पत्नीलाही ते परत करण्याची घाई दिसत नाही.